मारखा खोऱ्यात पायी: लेहहून निघून कोंगमारू ला ओलांडेपर्यंत

सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला लडाखमध्ये सगळ्यात जास्त कोण नडत असेल, तर त्याचेच चांगले पाय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला गडी विमानाने लेहला उतरतो, "छे, दम वगैरे काही लागत नाहीये" म्हणतो आणि त्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतो. रात्री तोच हॉटेलच्या खोलीत डोकं गच्च धरून बसलेला असतो. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह ३,५०० मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून जास्त उंचीवर आपण चहा पीत बसलेलो असतो आणि शरीराला ते अजून कळायचं असतं.

हा लेख मारखा खोऱ्याच्या ट्रेकबद्दल आहे. हिमालयात बौद्ध गावांमधून, बहुतेक रात्री कुणाच्या तरी घरी मुक्काम करत चालायचं असेल, तर पहिल्या खेपेला मी याच वाटेचं नाव घेते. तंबू वाहावा लागत नाही, गिर्यारोहणाचं तंत्र लागत नाही, आणि उंची ज्या क्रमाने वाढते तो क्रम नवख्यासाठी फार सोयीचा आहे. घात होतो तो फक्त शेवटच्या दोन दिवसांत, आणि तोही घाईमुळे.

आधी उंचीचं गणित

मारखा नदी चिलिंगच्या थोडं वर झांस्कारला मिळते आणि झांस्कार पुढे निम्मूजवळ सिंधूला. हे खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं. गावांच्या आणि मुक्कामाच्या जागांच्या उंच्या साधारण अशा: स्क्यू ३,४०० मीटर, मारखा गाव ३,८००, हांकर ४,०००, थाचुंग्त्से ४,२५०, निमालिंग ४,८०० आणि कोंगमारू ला ही खिंड ५,२०० च्या वर. नकाशा बदलला की यात पन्नास-शंभर मीटरचा फरक पडतो, तो सोडून द्या. 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'कोंगमारू ला खिंड' हे आपलं 'विंध्याचल पर्वत' झालं.

यात एक गंमत लक्षात घ्या. पहिला मुक्काम, स्क्यू, लेहपेक्षा खाली आहे. पुढचे दोन-तीन दिवस चढ इतका हळू की जाणवतसुद्धा नाही. आणि मग हांकर ते निमालिंग एकदम आठशे मीटर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. पुष्कळ जण 'हांकर ते निमालिंग, सहा तास' असं वाचतात, पाय तर छान चाललेले असतात, आणि एका दिवसात जातात. तसं करू नका. मध्ये थाचुंग्त्सेला एक रात्र काढा. या अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

कधी जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जूनमध्ये खिंडीवर बर्फ असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये जव हिरवेगार असतात, पण नदीलाही वितळलेल्या बर्फाचं पाणी सगळ्यात जास्त असतं. माझ्या मते उत्तम काळ म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा: पाणी उतरलेलं, पिकं पिवळी, कापणी-मळणी चालू. रात्री मात्र निमालिंगला थंडी हाडात शिरते.

लडाख पर्जन्यछायेत आहे, लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून तिथे पाऊस हा विनोदाचा विषय नाही. डोंगर उघडे-बोडके, माती धरून ठेवायला झाड नाही. थोडा जोराचा पाऊस झाला की अख्खी घळ चिखलाने भरून खाली येते. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटीने केवढी माणसं गेली ते पुष्कळांना आठवत असेल. आभाळ दोन दिवस दाटलेलं असेल तर गावातच थांबा.

लेहला पोचणं, आणि पोचल्यावर काही न करणं

वेळ असेल तर श्रीनगरहून रस्त्याने या. झोजी ला ओलांडून रात्री कारगिलला (सुमारे २,७०० मीटर) मुक्काम, दुसऱ्या दिवशी फोटू ला करून लेह. शरीराला एक पायरी मिळते. मनालीहून येणारा रस्ता देखणा खरा, पण त्यात लोक सार्चूला ४,२०० मीटरच्या वर रात्र काढतात आणि लेहला पोचायच्या आधीच आजारी पडतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो परतीसाठी ठेवावा.

मुंबई-पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने गेलात तर लेहमध्ये तीन रात्री धरा. पहिला दिवस पूर्ण आडवं राहायचं. पाणी प्यायचं, सूप प्यायचं, दारू नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारात सपाटीवर फेरफटका. तिसऱ्या दिवशी शेय किंवा ठिकसेची गोंपा. गोंपा म्हणजे मठ.

औषधाबद्दल: उंचीचा त्रास टाळायला बरेच डॉक्टर ॲसेटाझोलामाइड देतात; प्रतिबंधासाठी नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते चालेलच असं नाही, म्हणून घरच्या डॉक्टरांना विचारूनच. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, घाबरू नका. पण गोळी घेतली म्हणजे परवाना मिळाला, असं समजून वेग वाढवू नका.

साधं डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ: तिथेच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणं, बरळणं: हे जिवावरचं आहे. रात्र असो की पाऊस, माणसाला खाली न्यायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण त्याच्या आकड्यापेक्षा सोबत्याच्या चेहऱ्यावर जास्त भरवसा ठेवा. आमच्यातला एक जण आकडा चांगला म्हणून गप्प राहिला आणि रात्रीचं जेवण मात्र चोरून कुत्र्याला घालत होता.

कागद, पैसे, फोन

लेहमध्ये पर्यावरण शुल्क आणि राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भरून पावत्या जवळ ठेवा. दर बदलत असतात, तिथेच विचारून घ्या. आधार कार्ड आणि त्याच्या दोन-तीन प्रती.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. खोऱ्यात बहुतेक वाटेवर तेही मुकंच असतं. घरी आधीच सांगून ठेवा की सहा दिवस फोन येणार नाही, आणि आला नाही म्हणून कुणी पोलिसांना कळवू नये. एटीएम लेहमध्येच. रोख रक्कम न्या, आणि ती शंभर-दोनशेच्या नोटांत. हांकरमधल्या बाईंकडे तुमच्या पाचशेची मोड असायचं काही कारण नाही.

घरांतल्या मुक्कामाचा दर माणशी, रात्रीच्या जेवणासह, नाश्त्यासह आणि दुसऱ्या दिवशीच्या शिदोरीसह असतो. तो गावोगाव ठरलेला असतो. घासाघीस करू नका. ही घरगुती मुक्कामाची सोय आली कुठून, हेही माहीत असावं. हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या कोंडवाड्यात शिरला की एका रात्रीत डझनावारी जनावरं मारतो. पूर्वी लोक सूड म्हणून त्याला मारायचे. या शतकाच्या सुरुवातीला हेमिस उद्यानातल्या गावांत पाहुणे ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली, ती हे नुकसान भरून निघावं आणि बिबट्या जिवंत राहण्यात गावाचा फायदा असावा म्हणून. तुम्ही देता त्या पैशांत त्या मेंढ्यांचा हिशेबही आहे.

पाठपिशवीत काय

यादी लांबवत नाही. घोट्याला आधार देणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट. नदी ओलांडायला पट्ट्याच्या सँडल (चपला वाहून जातात). दोन काठ्या. लोकर किंवा फ्लीस, वर फुगीर जाकीट, वाऱ्याचं जर्किन, कानटोपी, हातमोजे. रुंद काठाची टोपी, चांगला गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांना लावायचं मलम. इथलं ऊन भाजून काढतं. घरांत गाद्या-रजया मिळतात, म्हणून स्लीपिंग बॅगऐवजी शिवलेली चादर पुरते. निमालिंगच्या तंबूत मात्र जरा जास्त कपडे घालूनच झोपावं लागतं. पाण्यासाठी दोन बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, तो प्लास्टिकचा कचरा त्या खोऱ्यातून बाहेर न्यायला कुणी येत नाही. गावागावांत उकळलेलं पाणी मिळतं.

सॅनिटरी पॅड असोत, औषधांची पाकिटं असोत की शेंगदाण्याच्या चिक्कीचे कागद, सगळं परत लेहला आणायचं. त्यासाठी एक जाड पिशवी वेगळी ठेवा.

वाटाड्या घ्यावा का? हंगामात वाट चुकणं कठीण आहे, पण पहिल्यांदा जात असाल तर लडाखी वाटाड्या घ्याच. नदी कुठे ओलांडायची हे त्याला कळतं, आणि घरात गेल्यावर गप्पा सुरू होतात त्या त्याच्यामुळे. सामान जास्त असेल तर घोडेवाला मिळतो.

दिवसागणिक वाट

*पहिला दिवस, चिलिंग ते स्क्यू.* लेहहून गाडीने निम्मूचा संगम पाहत चिलिंग. हे गाव तांब्या-पितळेच्या कामाचं. शेयची मोठी बुद्धमूर्ती घडवायला सतराव्या शतकात नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे वंशज इथे राहिले असं सांगतात. इथल्या एखाद्या घरात तांब्याच्या किटलीवर हातोडी चालताना दिसली तर अर्धा तास थांबा. पूर्वी झांस्कार नदी दोरावरच्या पाळण्यात बसून ओलांडावी लागे, आता पूल आहे. पुलापासून स्क्यू दोन-तीन तास.

दुसरी एक सुरुवात झिंगचेनहून गंडा ला ओलांडून आहे. सुंदर आहे, पण तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ४,९०० मीटरच्या पुढे जावं लागतं. पहिल्या खेपेला नको.

*दुसरा दिवस, स्क्यू ते मारखा.* वीसेक किलोमीटर, ट्रेकमधला सगळ्यात लांब आणि सगळ्यात सपाट दिवस. खोऱ्यात आता गाडीरस्ता शिरला आहे आणि दरवर्षी पुढे सरकतो आहे. गावकऱ्यांना तो हवा आहे, बाळंतिणीला लेहला न्यायचं तर तो हवाच. आपण धूळ खात कुरकुर करायची नाही. तुमच्याकडे दिवस कमी असतील तर कात्री इथे लावा, गाडीने मारखा गाठा. वरचे दिवस कापू नका. वाटेत सारा गाव, मग विलोची झुडपं, आणि मध्ये मध्ये जुन्या पॅराशूटच्या कापडाचे गोल तंबू. त्यात गावातल्या बायका चहा, मॅगी आणि आमलेट विकतात.

नदी पायी ओलांडायची वेळ आलीच तर ती सकाळी. दिवसभर बर्फ वितळतं, दुपारनंतर तेच पाणी गुडघ्याचं मांडीपर्यंत येतं. पात्र जिथे रुंद आणि फाटे फुटलेलं, तिथे पाणी उथळ. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, पाय तिरके टाकत.

*तिसरा दिवस, मारखा ते हांकर.* चार-पाच तासच. मुद्दाम छोटा. वाटेत टेचाची गोंपा कड्यावर चिकटलेली दिसते. वर जायचं असेल तर आधी खाली किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. गोंपात बूट-टोपी बाहेर, फ्लॅश बंद, मूर्तींकडे पाय करून बसायचं नाही. आपल्याकडच्या विहारांतल्या शांत बुद्धमूर्तीची सवय असलेल्या माणसाला रक्षक देवतांच्या काळोख्या खोलीतली उग्र रूपं पाहून दचकायला होतं. ती धर्माचं रक्षण करणारी मंडळी आहेत. काही मठांत त्या खोलीत बायकांना प्रवेश नसतो; विचारून जा. मला एकदा दारातूनच परतावं लागलं, राग आला होता, अजूनही थोडा आहे.

वाटेवर मणि भिंती लागतील: 'ॐ मणि पद्मे हूँ' कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब बुटक्या भिंती. त्या आणि छोर्तेन, म्हणजे स्तूप, नेहमी उजव्या हाताला ठेवून जायचं. प्रदक्षिणा घालणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्यावर बसायचं नाही, पाठपिशवी टेकवायची नाही, आणि त्यातला दगड 'आठवण' म्हणून उचलायचा तर अजिबात नाही.

घरात गेल्यावर

"जुले" हा शब्द नमस्कार, निरोप आणि आभार, तिन्हींना चालतो. माणसाला हाक मारताना शेवटी 'ले' लावायचं, आपल्या 'जी'सारखं: आईच्या वयाच्या बाईला आमा-ले, आजीला आबी-ले, मोठ्या भावाच्या वयाच्या माणसाला आचो-ले. नुसतं 'आमा' म्हटलं तर कुणी बोलणार नाही काही, पण कानाला खटकतं.

हांकरच्या ज्या घरी मी राहिले, तिथलं स्वयंपाकघर हीच घरातली मोठी खोली होती. मधोमध लोखंडी चूल, तिच्या दारावर पितळेची नक्षी, मागच्या मांडणीवर तांब्याची पातेली उतरंडीने नव्हे तर एका ओळीत, चकचकीत. बसायला भिंतीलगत गालिचे, पुढे बुटकी चौरंगासारखी मेजं. आमा-ले कणीक मळत होत्या. बोराएवढी गोळी घ्यायची, अंगठ्याने दाबून वाटीसारखी करायची, आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. रश्श्यात बटाटा, गाजर, सलगम. मी म्हटलं, अहो, ही तर आमची वरणफळं! याला ते स्क्यू म्हणतात, गावाच्या नावाशी घोटाळा करू नका. मला चार गोळ्या करायला दिल्या. माझ्या वाट्या त्यांनी हळूच परत दाबल्या.

भाजलेल्या जवाचं पीठ, फे, हे आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड. गुळाऐवजी लोण्या-मिठाच्या चहात कालवायचं. त्या चहाला चहा समजून पहिला घोट घेतलात तर तोंड वाकडं होईल. पातळ आमटी समजून घ्या, आवडेल. तुम्ही एक घोट घेतला की पेला पुन्हा काठोकाठ भरला जातो. नको असेल तर पेला तसाच भरलेला ठेवा आणि उठायच्या वेळी संपवा, किंवा पेल्यावर हात धरून "दिक-ले" म्हणा, पुरे. एकदा म्हणून भागत नाही.

संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. पाणी टाकायचं नाही, काम झालं की माती लोटायची. खालचं खत वसंतात शेतात जातं, म्हणून त्यात प्लास्टिक किंवा ओला वाईप पडला तर तो त्यांच्या शेतात जातो. वास जवळजवळ येत नाही. पाणी वापरायची सवय सुटत नसेल तर घराबाहेर, ओढ्यापासून दूर, वेगळी सोय करा.

आणि पाट. शेतांच्या कडेने वाहणारे ते बारीक पाट हिमनद्यांचं पाणी आणतात, आणि कुणाच्या शेतात पाणी कधी जायचं हे ठरवायला गाव एक माणूस नेमतं, चुरपोन. आपल्या खानदेशातल्या फड पद्धतीतला पाटकरी तोच. पाटात पाय धुवायचे नाहीत, साबण तर नाहीच, आणि बांधावरून उडी मारताना माती ढासळली तर ती परत लावून द्यायची.

वरचे तीन दिवस

*चौथा, हांकर ते थाचुंग्त्से.* तीन तासांत पोचता. दुपार रिकामी. तरुण मुलं इथे चुळबुळ करतात, "एवढ्यात थांबायचं?" हो. जेवून थोडं वर चढा, तासभर बसा, झोपायला खाली या. बिळांतून मार्मोट (खारीच्या जातीचे गुबगुबीत प्राणी) डोकावतात, समोरच्या घसाऱ्यावर भरलांचा, म्हणजे रानटी निळ्या मेंढ्यांचा, कळप दिसतो. हिमबिबट्या मात्र दिसणार नाही. तो तुम्हाला पाहील.

*पाचवा, थाचुंग्त्से ते निमालिंग.* चढ बेताचा, पावलं आपोआप छोटी होतात. वर अचानक पसरट माळ, उन्हाळ्यात खालच्या गावांची याक-मेंढरं इथे चरायला, आणि समोर ६,४०० मीटरचा कांग यात्से. दगडी गोठ्यांजवळ तंबूंचा तळ, तिथेच जेवण आणि झोप.

इथली एक फसवी गोष्ट समजून घ्या. निमालिंगला कुणाला त्रास झाला तर पुढे खिंड ओलांडून 'लेहकडे उतरू' असं मनात येतं. पण त्या बाजूला उतरण्याआधी चारशे-साडेचारशे मीटर चढायचं असतं, आणि आजारी माणसाला तेच घातक. त्याला मागे, हांकरला न्यायचं. जेवण चोरून कुत्र्याला घालणाऱ्या त्या मित्राला आम्ही रात्री नऊला बॅटरीच्या उजेडात खाली आणला, घोड्यावर बसवून. थाचुंग्त्सेपर्यंत पोचतानाच त्याने भूक लागल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे आमचा जीव खाली पडला.

*सहावा, कोंगमारू ला आणि उतार.* पहाटे पाचला निघा. खिंडीपर्यंत दोन-अडीच तास. हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो; दहा पावलं, दोन श्वास, दहा पावलं, असं ठरवून चाला. माथ्यावर पताका फडफडत असतात, लडाखी माणसं "की की सो सो ल्हा ग्यालो" अशी आरोळी देतात, देवांचा जय असो. आपणही द्यायला हरकत नाही, फुप्फुसं परवानगी देतील तेवढी. पंधरा मिनिटं पुरेत.

उतार लांब आहे, हजाराहून जास्त मीटरचा, आणि तो गुडघ्यांचा हिशेब चुकता करतो. चोकदो गावापर्यंतची वाट अरुंद घळीतून जाते, ओढा सारखा इकडून तिकडे ओलांडावा लागतो, आणि पुरात ही वाट दर काही वर्षांनी बदलते. वरती ढग दिसले तर त्या घळीत रेंगाळू नका. दुपारी ओढा फुगायच्या आत बाहेर पडायचं, म्हणून ती पहाटेची सुरुवात.

ट्रेक संपतो त्या शांग सुमदोला गाडी बोलावायची तर वेळ लेहमध्येच ठरवून निघा, खालून फोन लागेलच असं नाही. गाडीवाल्याला दुपारी तीन सांगा, बारा नको. बारा सांगितलं की खिंडीवरून उतरताना कुणीतरी पळायला लागतं, आणि घोटे मुरगळतात ते तिथे.